गाडी कुणाच्या मापाची?

(दहावी १९८१ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. कालपासून इथं गुडघेदुखी, म्युच्युअल फंड आणि नातवंडं या तिन्हींवर बोलून झालं. माझं सगळं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथसमोर गेलं. तेव्हा मला जे कळतं त्यावरच बोलतो. जुन्या मोटारसायकलची 'कॅफे रेसर' कशी करतात आणि ती करताना काय विचारायचं, हा माझा विषय. टेक्निकलचे सर पहिल्या रांगेत बसलेत, त्यामुळं मापात चूक करायची सोय नाही.

आधी कॅफे रेसर म्हणजे काय ते सांगतो. रस्त्यावरची साधी गाडी घ्यायची आणि तिला रेसच्या गाडीसारखी करायची. हँडल खाली, पाय मागं, चालवणारा टाकीवर ओणवा. सीट एकाच माणसाची आणि तिच्या शेपटाला उंचवटा. मडगार्ड आखूड, डबे काढलेले. वेगाला जे लागत नाही ते सगळं उतरवायचं.

हा प्रकार इंग्लंडमधला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली 'एस कॅफे' सुरू झालं, ते मुख्यतः ट्रकवाल्यांसाठी. आपल्या हायवेवरच्या ढाब्यासारखं. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ते पडलं आणि १९४९ मध्ये पुन्हा उभं राहिलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिथं मोटारसायकलवाल्या पोरांचा अड्डा जमला. कारखान्यात काम करणारी पोरं, हातात पहिल्यांदाच पगार आलेला. कॅफेत ज्यूकबॉक्सवर गाणं लावायचं आणि ते संपायच्या आत ठरलेल्या ठिकाणी जाऊन परत यायचं, अशा शर्यतींच्या आख्यायिका आजही सांगतात. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, हा त्यांचा मानाचा आकडा. त्यापायी रस्त्यावर पोरं मेलीसुद्धा. हे विसरून त्या काळाचं कौतुक करू नये.

त्यांची सगळ्यात नावाजलेली गाडी 'ट्रायटन'. ही कुठल्या कंपनीनं केलेली नव्हती. ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या चासीत बसवायचं, की झाली ट्रायटन. नॉर्टनची 'फेदरबेड' चासी १९५० साली रेसच्या गाड्यांसाठी आली आणि वळणावर ती फार भरवशाची होती. त्या वेळी छोट्या ५०० सीसीच्या रेसिंग मोटारी बनवणाऱ्यांना नॉर्टनचं रेसचं इंजिन हवं असायचं, पण कंपनी सुटं इंजिन विकत नसे. मग ते अख्खी मोटारसायकल घ्यायचे, इंजिन काढायचे आणि चासी विकून टाकायचे. ती उरलेली चासी घेऊन पोरांनी आपल्या गाड्या केल्या. आमच्या उद्यमनगरात हा धंदा कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

एस कॅफे १९६९ ला बंद पडलं. पंचवीस वर्षांनी, १९९४ मध्ये, तिथल्या जुन्या मंडळींचा मेळावा भरवला गेला. तो दरवर्षी भरत राहिला आणि २००१ मध्ये कॅफे त्याच जागी पुन्हा पूर्णपणे सुरू झालं. मेळाव्यातून बंद पडलेली गोष्ट चालू होते, हे संयोजकांनी लक्षात ठेवावं.

आता आपल्या गाडीकडं येतो.

आपल्या वर्गातला एक मित्र तीन वर्षांपूर्वी गेला. त्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. पण त्याची गाडी सांगितली की तुम्हाला माणूस कळेल. येझदी रोडकिंग. काल सकाळी गेटवर अर्ध्या वर्गानं तिचीच आठवण काढली.

येझदी म्हैसूरच्या कारखान्यात होत होती. १९६१ पासून तिथं जावा ही चेकोस्लोव्हाकियातली गाडी परवान्यावर बनू लागली, पुढं तीच येझदी नावानं निघाली. रोडकिंग १९७८ ची. २५० सीसी, टू-स्ट्रोक, एक सिलिंडर पण सायलेन्सर दोन. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आपल्या मित्रानं ती १९८६ साली नवी घेतली आणि शेवटपर्यंत ठेवली.

त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर तो माझ्याकडं आला. म्हणाला, "काका, बाबांची गाडी नुसती उभी आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. मला तिची कॅफे रेसर करायची आहे. तुम्ही कराल का?" मोबाईलवर चित्रं दाखवली. सगळी काळी, शेपटाला उंचवटा, मागं काही नाही. दिसायला खरंच देखणी.

मी म्हटलं, "करू. पण एक अट. परत बसवता येणार नाही असं काही कापायचं नाही."

ही अट माझी नाही, सरांची आहे. आठवीत फायलिंगच्या तासाला ते सांगायचे, "घासून कमी करता येतं रे, घासून वाढवता येत नाही." पन्नास वर्षांत मला याच्यापेक्षा उपयोगी वाक्य कुणी सांगितलेलं नाही.

काम सुरू केलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी गाडी असेल तर हे क्रमानं ऐका, कारण बहुतेक जण क्रम उलटा करतात. आधी रंग, मग सीट आणि पैसे उरले तर ब्रेक.

पहिले आठ दिवस आम्ही पाना लावला नाही. नुसते फोटो काढले, चारी बाजूंनी. वायर कुठून जाते, केबल कुठल्या क्लिपमधून येते, कुठला वॉशर कुठं आहे. जुन्या गाडीत कंपनीचं पुस्तक अर्धंच सांगतं, बाकीचं मालकानं केलेलं असतं.

मग जीव वाचवणाऱ्या गोष्टी. दोन्ही ड्रम ब्रेकचे लायनर नवे. टायर नवे, कारण वापर नसला तरी रबर वयानं कडक होतं. हँडलच्या मानेतले बेअरिंग, मागच्या स्विंगआर्मचे बुश, चाकांचे स्पोक. सगळी वायरिंग नवी. इंजिनाचं हेड उतरवून पिस्टन आणि सिलिंडर मोजलं, क्रँकची सीलं बदलली. टू-स्ट्रोकमध्ये ही सीलं वाळली की बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिन गरम होऊन पिस्टन धरतो. एवढं झालं तेव्हा गाडी दिसायला होती तशीच होती आणि पैसे निम्म्याहून जास्त संपले होते. पोराचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आता ती चालेल आणि थांबेल. दिसण्याचं उद्या बघू."

मग कॅफे रेसरच्या एकेका भागावर आमची चर्चा झाली. चर्चा म्हणजे भांडणच.

पहिलं हँडल. खऱ्या कॅफे रेसरला 'क्लिप-ऑन' असतात, म्हणजे हँडलचे दोन सुटे तुकडे थेट पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना आवळलेले. माणूस पुरता वाकतो. हे वेगात बरं वाटतं, कारण समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटावरचा भार कमी होतो. पण गंगावेशीच्या गर्दीत ताशी वीसनं जाताना वारा कुठून येणार? सगळा भार मनगटावर, आणि दर पन्नास फुटांवर स्पीडब्रेकर. म्हणून मूळच्याच क्लॅम्पमध्ये बुटकं, सरळ हँडल बसवलं. मग केबल लांब पडल्या, त्या आखूड करून घेतल्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बोटं टाकीला अडत नाहीत ना हे बघितलं. हे बघायचं राहिलं तर गल्लीत गाडी वळवताना अंगठा सापडतो.

दुसरं, फुटरेस्ट मागं नेणं. इथं येझदीनं स्वतःच नाही म्हटलं. तुम्हाला आठवत असेल, जावा-येझदीला किक आणि गिअर यांची एकच दांडी. आत दाबून वर फिरवली की किक, खाली घेतली की गिअर. दुसऱ्या कुठल्याही गाडीत गिअरला एक जोडदांडी लावून पाय मागं नेता येतो. इथं तो जोड लावला की किकला आडवा येतो. करणारे करतात, पण त्यासाठी बरंच कापावं लागतं. अट आठवली, फुटरेस्ट जागेवर राहिले.

तिसरं, सायलेन्सर. पोराला आवाज हवा होता, त्यासाठी मागून कापून आखूड करायचे होते. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. जळालेला वायू बाहेर पडताना ताजं मिश्रणही त्याच्या मागून निसटू बघतं. सायलेन्सरची लांबी आणि पोटाचा आकार असा बेतलेला असतो, की बाहेर गेलेली दाबाची लाट परत फिरते आणि निसटणारं मिश्रण आत ढकलते. म्हणजे टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे. कापला की आवाज वाढतो आणि ताकद जाते. एअर फिल्टरचंही तसंच. डबा काढून उघडी जाळी लावली की हवा जास्त येते, पेट्रोल तेवढंच राहतं. पेट्रोलमध्येच ऑईल असल्यानं तेही कमी पडतं, आणि पिस्टन धरायला वेळ लागत नाही. हे त्याला कागदावर काढून दाखवलं. तो स्वतः इंजिनिअर आहे, त्याला पटलं.

चौथी सीट. खरी गोष्ट इथं आहे.

मुलाला मागची बाजू साफ करायची होती. सीट एकाची, मागचे फुटरेस्ट काढलेले, साडीगार्ड काढलेलं. डाव्या बाजूचा मागचा फुटरेस्ट तर दिसायला फारच वाईट होता. कुणीतरी मूळच्या जागेच्या दीड-दोन इंच वर लोखंडाचा तुकडा वेल्ड केला होता आणि फुटरेस्ट त्यावर चढवला होता. वेल्डिंग ओबडधोबड, वर चार वेळा रंग दिलेला. मुलगा म्हणाला, "काका, हे पहिल्यांदा ग्राइंडरनं उडवा. कुणी केलंय कुणास ठाऊक."

ग्राइंडर हातात होता. पण ते वेल्डिंग आपल्याला नको आणि मूळचंही नाही, मग ते आलं कुठून, असं वाटलं. मी म्हटलं, "थांब, आईला फोन लाव."

वहिनी संध्याकाळी स्वतःच गॅरेजवर आल्या. त्यांनी गाडी बघितली. इंजिन एका बाजूला, टाकी टेबलावर, चासी स्टँडवर. त्यांना ते बघवेना असं मला वाटलं, म्हणून खुर्ची पुढं केली. पण त्या बसल्या नाहीत. मी फुटरेस्ट दाखवला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझे पाय पोचत नव्हते. लग्नानंतर जोतिबाला निघालो आणि अर्ध्या वाटेत पायाला मुंग्या आल्या. दुसऱ्याच रविवारी ह्यांनी कुठून तरी वेल्डिंग मशिन आणलं आणि हे केलं. करताना हात भाजून घेतला."

मुलगा माझ्याकडं बघत होता. तो त्या गाडीवर लहानाचा मोठा झालेला, पण पुढं टाकीवर बसून. मागं काय आहे हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "आता ह्याच्यावर मागं बसायला राहणार नाही का?"

कुणी काही बोललं नाही. मुलगा म्हणाला, "आई, तू कुठं बसतेस आता?" त्यात तसं चुकीचं काही नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "तू विचारलंस कधी?"

मित्रहो, मी लेथवरचा माणूस, मला मोठं तत्त्वज्ञान येत नाही. पण त्या दिवशी मला कामाची एक गोष्ट कळली. कॅफे रेसर करणं म्हणजे गाडी एका माणसाच्या अंगाला बेतणं. लंडनच्या पोरांनी तेच केलं. आपल्या मित्रानंही १९८० च्या दशकात तेच केलं होतं, फक्त माप मागं बसणारीचं घेतलं होतं. त्या गाडीत बदल करणारा मुलगा पहिला नव्हता. तो दुसरा होता. म्हणून एखादा भाग काढण्याआधी तो कुणासाठी बसवला होता हे विचारायचं. विचारल्यावर काढायचा असेल तर खुशाल काढा, आमच्या धंद्यात त्याला बंदी नाही.

आम्ही मधला मार्ग काढला. मुलानंच तो कागदावर काढला, श्रेय त्याचं. सीट लांबच ठेवली, दोघांची, पण पातळ आणि सपाट. तिच्या मागच्या अर्ध्या भागावर फायबरचं उंचवट्याचं झाकण, दोन बोल्टवर बसणारं. झाकण लावलं की लांबून कॅफे रेसर, काढलं की दोघांची गाडी. साडीगार्ड आणि मागची धरायची कडी जागेवर. मागचं मडगार्डही राहू दिलं. जुलैतला आपला पाऊस ज्यांनी बघितलाय, त्यांना आखूड मडगार्डनं पाठीवर कशी नक्षी निघते हे सांगायला नको. तो फुटरेस्ट फक्त खरवडून गंज काढला आणि रंगवला. वेल्डिंग घासून गुळगुळीत करू का, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, "नको काका, असू दे तसंच."

मूळचं हँडल, मूळची सीट, जुन्या केबल असं सगळं कागदात गुंडाळून, चिठ्ठ्या लावून एका पेटीत भरलं. ती पेटी वहिनींच्या माळ्यावर आहे. उद्या नातवाला गाडी आजोबांसारखी हवी झाली तर एका दिवसाचं काम.

लंडनची ती पोरं ही गाडी बघून हसतील. म्हणतील, ही कसली कॅफे रेसर, हिला साडीगार्ड आहे! त्यांचं बरोबर आहे. मुलालाही ती पूर्ण मनासारखी झाली असं मी म्हणणार नाही, हँडलवरून तो अजून कुरकुरतो. पण महिन्यातून दोनदा कोल्हापूरला येतो आणि गाडी काढतो. पहिली फेरी वहिनींनी रंकाळ्यापर्यंत मारली, मागं बसून.

आता कागदपत्रांचं, कारण यात माणसं फसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं, कंपनीनं मुळात दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर आसनक्षमता दोन लिहिली असेल, तर सीट एकाची करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. चासी नंबर आणि इंजिन नंबर यांच्या जवळ ग्राइंडर नेऊच नका. मागं माणूस बसवायचा तर धरायला कडी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत आडोसा हवा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, नियम १२३. आपलं साडीगार्ड हाच तो आडोसा.

आणि एक सगळ्यांसाठी, कॅफे रेसर करा अगर न करा. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावावरची गाडी तशीच राहते. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावी लागते, मग दर पाच वर्षांनी. या येझदीच्या वेळी गाडीला लागले त्याच्याहून जास्त हेलपाटे कागदांना लागले. आपण सगळे आता साठीच्या आसपास आहोत. आपल्या मागं घरच्यांना हे हेलपाटे पडू नयेत एवढं तरी करून ठेवूया. आरसी, विमा आणि चावी एका ठिकाणी ठेवा आणि ते ठिकाण घरात दोघांना सांगा.

ज्यांच्या घरी गोठ्यात, जिन्याखाली एखादी राजदूत, लँब्रेटा, बुलेट किंवा येझदी उभी आहे, त्यांना शेवटची विनंती. भंगारवाल्याला देण्याआधी एक रविवार तिच्यासाठी काढा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडा, किक हातानं हळू फिरते का बघा. फिरत असेल तर गाडी जिवंत आहे. मग पोराबाळांना बोलवा आणि तिच्यावर कोण कुठं बसायचं ते सांगा. पुढं काय करायचं ते त्यांना ठरवू दे. पाने, मशिन आणि चहा माझ्याकडं आहे. उद्यमनगरात या, फक्त गुरुवारी वीज नसते.

सर, तुम्ही आठवीत दिलेली फाईल माझ्याकडं अजून आहे. दात गेलेत, पण मूठ चांगली आहे. वेळेत संपवलं असं समजतो.